आधीपासूनचा आजार

४ सप्टेंबर

मला टेबल मिळालं! खिडकीपाशी नाही, झेरॉक्सच्या मशीनला चिकटून आहे, दिवसभर कानाशी घरघर. पण टेबल ते टेबल. परदेशी विद्यार्थ्यांच्या मदत कक्षात आठवड्याला बारा तास. काम काय, तर नव्याने आलेल्या पोरापोरींना आरोग्यविमा समजावून सांगायचा. कार्ड कुठे दाखवायचं, आधी कुठल्या दवाखान्यात जायचं, कशाचा खर्च मिळतो आणि कशाचा नाही.

कक्षाच्या प्रमुख बाईंना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, उंचीला त्या माझ्या खांद्याला लागतात. त्यांनी विचारलं, "हे काम तुलाच का द्यावं?" मी म्हटलं, "कारण मी ठेच खाल्लेय." मग गेल्या वर्षीची दाढेची गोष्ट सांगितली. दातांच्या डॉक्टरला मी भोळेपणाने सांगून बसले होते की दाढ दोन वर्षांपासून ठणकतेय. झालं! कंपनीचं पत्र आलं: हा आधीपासूनचा आजार आहे, काही मिळणार नाही. सगळं अंगावर पडलं. मोठ्या बाई हसल्या नाहीत. "बरं" म्हणाल्या आणि कपाटाची किल्ली दिली.

आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आता तू एजंट झालीस." काय बोलावं हिला.

११ सप्टेंबर

शेजारची खोली भरली. मुलगी आपल्याकडचीच, सत्तावीस वर्षांची, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. पिण्याचं पाणी शुद्ध कसं करायचं याचा अभ्यास करायला आलीय. त्याआधी चार वर्षं शाळेत गणित शिकवायची आणि ते अजून अंगातून गेलेलं नाही. फ्रिजवर मी घरकामाची यादी लावली होती, त्यात आल्या आल्या दोन चुका काढल्या, त्याही लाल पेनने. मी तिचं नाव मास्तरीण ठेवलं. पहिल्याच चहाला मी तिला विमा कार्डाच्या मागचे नियम ऐकवले, म्हणून तिने माझं वकीलबाई.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. तिची मोठी बॅग मीच वर आणली. ती छोटी पिशवी घेऊन प्रत्येक वळणावर थांबत होती. मी वरून ओरडले, "अगं, झोपलीस का?" तर म्हणते, "पायऱ्या मोजतेय. छप्पन्न आहेत."

२६ सप्टेंबर

टेबलापुढे रांग लागते आता. लोक नाव विचारून येतात, "ती विमावाली कुठे बसते?" छाती जरा फुगते, खोटं कशाला लिहू. मी त्यांना छापील पुस्तिकेत नसतं ते सांगते. म्हणजे असं की, डॉक्टरने विचारलं "हे कधीपासून?" तर इथे आल्यानंतरचीच तारीख सांगा. घरून काय काय घेऊन आलात त्याची यादी देऊ नका. पोरं हसतात, मान डोलावतात.

या वर्षीच्या नव्या पुस्तिकांचा गठ्ठा येऊन पडलाय, त्याची दोरीही सोडली नाही अजून. मला गेल्या वर्षीची तोंडपाठ आहे. दर वर्षी मुखपृष्ठावरचा फोटो तेवढा बदलतात.

१० ऑक्टोबर

मास्तरीणला इथली हवा मानवली. गाल बघावेत तर गुलाबी. मी म्हटलं, "काय गं, कुणी भेटलं की काय?" तर लाजायचं सोडून खोकत बसली. खोकला मात्र जात नाहीये तिचा. माझी जादाची उशी नेलीय तिने, सपाट झोपलं की खोकला येतो म्हणून. आता डोक्याखाली तीन उशा, महाराणी!

नदीच्या पाण्याचे नमुने बाटल्यांच्या क्रेटमधून प्रयोगशाळेत न्यावे लागतात तिला. आज म्हणाली, "दोन बाटल्या उचलल्या की पळून आल्यासारखं होतं." मी म्हटलं, "चार वर्षं खुर्चीत बसून पाढे म्हणवून घेतलेस, आणखी काय होणार?"

संध्याकाळी तिच्या आईचा व्हिडिओ कॉल होता. काकू शाळेचे गणवेश शिवतात, बोलता बोलताही हातातली सुई थांबत नाही. मास्तरीण चहा ठेवायला उठली तशी काकूंनी मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "दमते का गं ती? खरं सांग."

मी म्हटलं, "काकू, तीन मजले आहेत. मीसुद्धा दमते."

"तसं नव्हे," म्हणाल्या. मग मास्तरीण आली आणि काकू गणवेशांवर बोलायला लागल्या. आया सगळ्या सारख्याच.

२१ ऑक्टोबर

आज मास्तरीणने एक गोष्ट सांगितली, ती इथे लिहून ठेवते.

लहानपणी, आठ-नऊ वर्षांची असताना तिला मोठा ताप आला होता. आधी घसा, मग गुडघे, मग घोटे सुजले, चालता येईना. डॉक्टर म्हणाले, या तापाने हृदयाच्या झडपेला इजा होते. तेव्हापासून दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन. काकू शाळेत येऊन तिला घेऊन जायच्या आणि बाईंना सांगायच्या, दाताला नेतेय म्हणून. कॉलेजसाठी दुसऱ्या गावी गेली आणि इंजेक्शनं सुटली ती सुटलीच. त्यानंतर काही त्रास झाला नाही. "पण आता हा दम लागतोय ना," ती म्हणाली, "तर डॉक्टरला हे सांगावं असं वाटतंय मला."

बरं झालं मला आधी बोलली ते. मी तिला नीट बसवून समजावलं. म्हटलं, खोकला आणि दम यासाठी जाऊ आपण, जायलाच हवं. पण ही ताप-झडपेची गोष्ट काढलीस की तुझ्या नावापुढे ते कायमचं लागलं. मग पुढे सर्दीसाठी गेलीस तरी कंपनी म्हणेल, आधीपासूनचा आजार. एक मोठं बिल आलं तर शिक्षण सोडून परत जावं लागेल. तशीही इतकी वर्षं गेलीत, ते आता कशाला उकरायचं?

ती नखं बघत बसली होती. म्हणाली, "तुला यातलं जास्त कळतं."

कळतंच. दाढ काढून कळलंय.

२४ ऑक्टोबर

विद्यापीठाच्या दवाखान्यात गेलो. इथली भाषा बोलताना ती अजून अडखळते, म्हणून मी सोबत आत गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाईत नव्हत्या. नाडी बघितली, पाठीला, छातीला नळी लावली. मग कॉम्प्युटरकडे वळून विचारलं, "याआधी कधी मोठा आजार? लहानपणी काही? हृदय, सांधे, बरेच दिवस चाललेला ताप?"

अगदी तेच विचारलं! मास्तरीणने माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं होतं तिने. मला वाटलं, आता ही सगळं ओकणार. मी पटकन म्हटलं, "नाही, नाही. तशी ती ठणठणीत आहे. इथे आल्यावरच सुरू झालंय."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे बघितलं. तिने नुसती मान हलवली.

मग दमा असू शकतो म्हणाल्या, हवा बदलली की काहींना होतो. तोंडात मारायचा पंप दिला. आठ आठवड्यांनी परत या, त्याआधी वाढलं तर लगेच या. सगळं कार्डावर झालं, एक पैसा द्यावा लागला नाही. बाहेर आल्यावर मी टाळीसाठी हात पुढे केला. तिने टाळी दिली, पण अशी, शाळेत शेवटच्या बाकावरच्या मुलाला देतात तशी.

९ नोव्हेंबर

पंपाने फरक पडतोय असं मला वाटतं. तिला वाटत नाही. म्हणते पंप घेतला की छातीत धडधडतं, "मासोळी उडाल्यासारखं." मी तिला इंटरनेटवर दाखवलं, हे त्या पंपाचं होतंच, लिहिलंय तसं.

"परत जाऊया का?" तिने विचारलं.

"आठ आठवडे सांगितलेत ना? आत्ता गेलीस तर उगाच जास्त खोलात शिरतील."

पाय सुजलेत तिचे. मोज्याची रेघ उमटते. दिवसभर उभं राहायचं काम आहे तिचं.

२८ नोव्हेंबर

परीक्षा. जवळजवळ तीन आठवडे काही लिहिलं नाही. मास्तरीणने मला संभाव्यतेचं एक प्रकरण असं शिकवलं की वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. फळा नाही म्हणून खिडकीच्या काचेवर मार्करने लिहीत होती. मध्येच बसायची, मग उठून परत लिहायची. मी म्हटलं, "तू बसूनच शिकव." "बसून गणित येत नाही कुणाला," म्हणाली.

किती चांगली आहे ती. मी तिला हे कधी सांगत नाही.

९ डिसेंबर

आज लिहिते. दोन दिवस झाले.

परवा सकाळी सव्वाआठला मी ओट्यापाशी होते. ती दात घासून आली, कपाला हात घातला आणि कप खाली पडला. मी म्हटलं, "सकाळी सकाळी?" ती काही बोलली नाही. वळून बघितलं तर ती पडलेल्या कपाकडे बघत होती आणि उजवा हात तसाच लोंबत होता, जणू तिचा नाहीच. तोंड एका बाजूला ओघळलेलं. मला आधी वाटलं चेष्टा करतेय. देवा, मला खरंच तसं वाटलं. मी म्हटलंसुद्धा, "पुरे."

मग ती सरकत सरकत फ्रिजला टेकून खाली बसली. काहीतरी बोलत होती, पण ते शब्द नव्हते. डोळे पूर्ण जागे होते. ते डोळे मला जन्मभर पुरतील.

अॅम्ब्युलन्स नऊ मिनिटांत आली. छप्पन्न पायऱ्यांवरून तिला खुर्चीत बांधून खाली नेलं. गाडीतल्या माणसाने विचारलं, "आधीचा काही आजार?" मी सगळं सांगितलं. ताप, गुडघे, झडप, एकवीस दिवसांची इंजेक्शनं, उशा, पाय, छातीतली धडधड. एका दमात. तो लिहिता लिहिता थांबला आणि म्हणाला, "हे तिच्या नोंदीत कुठेच नाहीये."

मी म्हटलं, "नाहीये."

१० डिसेंबर

हृदयाच्या डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. झडप आकसलीय. रक्त पुढे जायला जागा नाही म्हणून मागे तुंबत होतं. दम, खोकला, उशा, सगळं त्यामुळे. ठोके अनियमित झाले, रक्ताची गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली, डाव्या बाजूला. गुठळी काढलीय त्यांनी. पण शब्द जिथे असतात ती जागा तोवर दुखावली होती. उजवा हातही.

मी विचारलं, "ऑक्टोबरमध्ये कळलं असतं तर?"

त्यांनी आधी कुणीतरी मोठं माणूस सोबत आहे का, असं विचारलं मला. मी परत तेच विचारलं. तेव्हा म्हणाले, "हृदयाची सोनोग्राफी केली असती. रक्त पातळ ठेवायची गोळी दिली असती. झालंच नसतं असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण आम्ही प्रयत्न केला असता."

काकूंना फोन मी केला. मी सांगत होते आणि पलीकडे शिवणयंत्र चालू होतं. मग ते थांबलं.

१६ डिसेंबर

काकू आल्या. जन्मात पहिल्यांदा विमानात बसल्या, गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवलेली, पाय सुजलेले. मला बघितलं आणि माझंच तोंड कुरवाळलं. "तू होतीस म्हणून गं," म्हणाल्या. "तू नसतीस तर पोर एकटी पडून राहिली असती."

मी त्यांची पिशवी घेतली आणि पुढे चालायला लागले.

मास्तरीणने आईला बघितलं आणि तिच्या घशातून जो आवाज आला तो मला लिहिता येणार नाही.

१९ डिसेंबर

बोलायला शिकवणाऱ्या बाई रोज अर्धा तास येतात. चित्रं दाखवतात. चमचा, दार, छत्री. मास्तरीणला सगळं समजतं, फक्त बाहेर येत नाही. आलं तर भलतंच येतं. छत्रीला "सोमवार" म्हणाली आणि चूक तिची तिला कळली, डोळे मिटून घेतले. दुसऱ्यांच्या चुकांना लाल पेन लावणारी ती.

मी मदत करायला जाते. "पाणी? उशी? खिडकी लावू?" बाईंनी आज मला बाहेर नेऊन सांगितलं, "तिच्यासाठी तुम्ही बोलू नका. तिला कितीही वेळ लागू दे, तुम्ही थांबा." मी हो म्हटलं. आत गेले आणि दोन मिनिटांत परत "पंखा?" म्हणाले. इथे पंखा नाहीच.

काकू उशाशी बसून तिच्या सगळ्या सदऱ्यांची बटणं काढताहेत. त्याजागी टिचबटणं लावताहेत, डाव्या हाताने लावता यावीत म्हणून.

२२ डिसेंबर

मोठ्या बाईंनी बोलावलं. विमा कंपनीकडून विचारणा आलीय, दवाखान्याच्या नोंदीत आणि अॅम्ब्युलन्सच्या नोंदीत फरक का. तेव्हा सोबत कोण होतं, त्याने लिहून द्यावं.

मी म्हटलं, "खरं लिहिलं तर ते तिचा खर्च नाकारतील. आधीपासूनचा आजार."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "असं कोण म्हणालं तुला?"

"पुस्तिकेतच आहे."

त्यांनी उठून गठ्ठ्याची दोरी कापली, वरची पुस्तिका काढली, एक पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. या वर्षी विद्यापीठाने कंपनी बदललीय. दोन ओळी आहेत. आधीपासूनच्या आजाराचे उपचार पहिल्या दिवसापासून मिळतील. डॉक्टरने विचारल्यावर विद्यार्थ्याने तो सांगावा, एवढीच अट.

मी त्या ओळी किती वेळा वाचल्या कोण जाणे. झेरॉक्सचं मशीन घरघरत होतं.

"आणि समजा बदलली नसती," मोठ्या बाई म्हणाल्या, आवाज न चढवता, "तरी तू डॉक्टरपासून लपवायला सांगितलं असतंस? आणखी कितीजणांना सांगितलंस?"

२३ डिसेंबर

नोंदवही काढून बसले. ज्यांना मी ते सांगितलं होतं असे चौदा जण निघाले. सगळ्यांना फोन केले. एकीला लहानपणापासून फिट येतात. एकाला साखर आहे, तो घरून आणलेल्या गोळ्या पुरवून पुरवून, एक दिवस सोडून घेतोय, इथल्या डॉक्टरला कळू नये म्हणून. माझ्यामुळे. त्याला मी स्वतः दवाखान्यात घेऊन गेले आणि दाराबाहेर बसले. आत गेले नाही.

मग कंपनीला लिहून दिलं. "डॉक्टरांनी विचारले. रुग्णाऐवजी मी उत्तर दिले. ते खोटे होते आणि ते मला माहीत होते." तीन वाक्यं. सही केली. मोठ्या बाईंनी कपाटाची किल्ली मागितली, मी दिली.

२७ डिसेंबर

काकूंना सांगितलं.

आमच्या घरी, मास्तरीणच्या खोलीत. त्या तिचे कपडे घडी करत होत्या. मी दारातच उभी राहून सगळं सांगितलं, दाढेपासून टाळीपर्यंत. मध्ये रडले नाही, रडले असते तर त्यांना मला जवळ घ्यावं लागलं असतं.

त्या घड्या घालतच राहिल्या. एक मोजा मिळत नव्हता तो शोधला. मग म्हणाल्या, "आज माझ्यासाठी जेवण करू नकोस."

संध्याकाळी मी चहा नेऊन ठेवला. निवला. उचलायला गेले तेव्हा बोलल्या, माझ्याकडे न बघता. "शाळेत मी दातांचं सांगायचे. पोरीच्या हृदयाला काही आहे हे कळलं तर पुढे लग्नाचं अवघड, असं घरचे म्हणायचे आणि मलाही तसंच वाटायचं. इथे यायच्या फॉर्मवर ती लिहायला निघाली होती. मीच म्हटलं, नको लिहूस." कप स्वतःच उचलून माझ्या हातात दिला. "तुझं ते तुझ्यापाशी. माझं मी घेऊन जाईन."

मला वाटलं होतं सांगितलं की काहीतरी हलकं होईल.

२९ डिसेंबर

मास्तरीणलाही सांगितलं. खरं तर तिला काय सांगायचं, ती तिथेच होती. पुस्तिकेच्या दोन ओळींचं मात्र तिला माहीत नव्हतं.

तिने ऐकून घेतलं. मी तिचा डावा हात धरला होता. तो तिने काढून घेतला. रागाने नाही, सावकाश, एकेक बोट सोडवून. मग भिंतीकडे तोंड केलं. बोलायला शिकवणाऱ्या बाई आल्या तेव्हा तिने माझ्याकडे बोट दाखवलं, नंतर दाराकडे. बाई मला म्हणाल्या, "बघा, किती स्पष्ट सांगितलं तिने!" त्यांना आनंद झाला होता.

२३ जानेवारी

गेल्या दोघी. झडपेचं पुढचं घरच्या डॉक्टरांकडे करायचं ठरलंय. खर्चाचं मिटलं, लपवलं ते तिने नव्हे, मी, हे माझ्या लिहिण्यावरून धरून कंपनीने दिला. मी सामान पॅक करायला मदत केली, ती खोलीत नसताना. प्रयोगशाळेतून तिची वही आली होती, नोव्हेंबरपर्यंतची प्रत्येक नोंद सुबक. शेवटच्या आठवड्यात मात्र अक्षर उताराला लागलेलं.

विमानतळावर चाकाच्या खुर्चीत बसली होती, आईने शिवलेला टिचबटणांचा सदरा घालून. केस काकूंनी विंचरलेले, लहान मुलीसारखा मध्ये भांग. मी समोर जाऊन उभी राहिले. तिने माझ्या बुटांकडे बघितलं. काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाल्या, "जेवत जा." आणि खुर्ची वळवली.

घरी आले. छप्पन्न पायऱ्या. मोजत नव्हते, तरी मोजल्या गेल्या.

१७ फेब्रुवारी

नवी मुलगी राहायला आलीय. आल्या आल्या तिने खिडकीच्या काचेवरचं पुसून काढलं. "इथे कुणीतरी गणितं केली होती," म्हणाली. मी आंघोळीच्या खोलीत जाऊन नळ सोडून बसले.

आईला अजून सांगितलेलं नाही. ती विचारते, आवाज असा का? मी म्हणते, सर्दी आहे.

१४ मार्च

आईला सांगितलं. ती म्हणाली, "तू तिच्या भल्यासाठीच..." मी म्हटलं, "आई, ते नको." तिने फोन ठेवला नाही, मीही नाही. दोघी नुसत्या धरून होतो.

२ मे

आज दुपारी ग्रंथालयात फोन वाजला. मास्तरीणचा मेसेज. चार महिन्यांत पहिला. डाव्या हाताने लिहिलेला, मध्ये मध्ये अक्षरं गळालेली:

"डॉक्टर नी मला विचारल. तू बोललीस."

बस, एवढंच. पुढे काही नाही. खाली तीन ठिपके हलत राहिले, थांबले, परत हलले, थांबले. मी उत्तर लिहायला लागले. मोठं लिहिलं, पुसलं. "चुकले" लिहिलं, तेही पुसलं. हे तिने काही मला विचारलं नव्हतं.

३ मे

सकाळी फोन केला. काकूंनी उचलला, मागे शिवणयंत्र. काही न विचारता त्यांनी फोन तिच्यापुढे धरला. स्क्रीनवर ती दिसली. चेहरा बराचसा सरळ झालाय. उजवा हात मांडीवर, उशीवर ठेवलेला.

मी "कशी आहेस" म्हणाले नाही. काहीच म्हणाले नाही. ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या तोंडात काहीतरी जुळत होतं. ओठ पुढे यायचे, परत मागे. एकदा "सो..." आलं, मान जोरात हलवून तिने ते फेकून दिलं. मला शब्द दिसत होता. अगदी जिभेवर आला होता माझ्या. मी टेबलाची कड धरून ठेवली. काकूंनी यंत्र थांबवलं. फोनवरचं घड्याळ बघितलं, चार मिनिटं झाली होती. मग सहा.

"म... मला," ती म्हणाली. घाम आला होता तिला. "मला... द... दम."

परत थांबली. डावा हात छातीवर नेला.

"दम... लाग... तो."

आवाज तिचा नव्हता, पण वाक्य तिचं होतं, पूर्ण. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसलं असतं तर हात हलला असता आणि तिचं लक्ष गेलं असतं, म्हणून पुसलं नाही.

मी विचारलं, "कधीपासून?"

आणि थांबले.